रीमेनश्नायडरचे हात मोडले होते याला पुरावा काय?

नदीकाठ

परवा गटावर एक पोस्ट फिरत होती. रोटेनबुर्गच्या चर्चमधल्या कोरीव लाकडी वेदीचा फोटो आणि खाली मजकूर असा: जर्मन शिल्पकार टिलमन रीमेनश्नायडर शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला म्हणून बिशपने त्याचे दोन्ही हात मोडले, पुढे त्याने हत्यार धरलं नाही, आजच्या मिंध्या कलाकारांनी यातून शिकावं. मी तिथे दोन ओळी लिहिल्या, तर "जर्मनीत राहता म्हणून बिशपची बाजू घेता का" असं ऐकावं लागलं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

हात मोडल्याचा त्या काळातला एकही पुरावा नाही. जे माहीत आहे ते असं. १५२५ साली हा माणूस पासष्टीच्या आसपास होता. व्युर्त्सबुर्गमधला बडा शिल्पकार, घरं आणि द्राक्षमळे बाळगून असलेला, १५०४ पासून नगर परिषदेत, १५२० मध्ये महापौर. शेतकऱ्यांचा उठाव शहराशी येऊन भिडला तेव्हा राज्य चालवणाऱ्या बिशपला, कोनराड फॉन थ्युंगनला, शहराची साथ हवी होती. परिषदेने शेतकऱ्यांवर शस्त्र उचलायला नकार दिला. जूनमध्ये उठाव चिरडला गेला. रीमेनश्नायडरला मारीएनबेर्ग किल्ल्यावर डांबलं, त्याचा छळ झाला, दोनेक महिन्यांनी सुटका झाली, मालमत्तेचा मोठा हिस्सा गेला. आणि १५२७ मध्ये त्याने किट्झिंगेनच्या जोगिणींच्या मठातल्या वेद्या दुरुस्त केल्याची नोंद आहे. दोन्ही हात मोडलेल्या माणसाला हे काम कोण देईल?

मला राग याचा येतो की ज्याला त्याला आपल्या सोयीचा रीमेनश्नायडर हवा असतो. १९४५ मध्ये लेखक टोमास मानने अमेरिकेतल्या भाषणात त्याला चांगल्या जर्मनाचा नमुना केलं. १९८१ मध्ये पूर्व जर्मनीने त्याच्या नावाचं नाणं काढलं. आता आपण. इतकं सगळं गमावण्यासारखं असलेला म्हातारा माणूस परिषदेत बसून नकार देतो, हे कुणाला पुरेसं वाटत नाही?

शिवारातून

तुमच्या नोंदी कुणी लिहिल्या हो? जिंकलेल्यांनीच ना? बिशपचे कारकून "आज आम्ही अमक्याचे हात मोडले" असं वहीत टिपून ठेवणार होते का?

माझे आजोबा खंडकऱ्यांच्या लढ्यात होते. एका मोर्चात खांद्यावर लाठी बसली आणि तो हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही. नांगर सुटला, शेवटपर्यंत आजीने औत धरलं. याचा कागद दाखवा म्हणाल तर माझ्याकडे नाही. म्हणून ते घडलंच नाही का? गरिबाचा इतिहास घरात सांगितला जातो, तो दप्तरात सापडत नाही.

आणि छळ झाला हे तुम्हीच लिहिताय. छळ म्हणजे काय गुदगुल्या केल्या होत्या? त्या छळात हातांना काही झालं नाही, हे तुम्ही कशावरून सांगता?

नदीकाठ

आजोबांबद्दल मनापासून आदर आहे. पण त्यांचा खांदा पाहिलेली माणसं तुमच्या घरात होती. रीमेनश्नायडरच्या हातांची गोष्ट तशी घरातून चालत आलेली नाही. व्युर्त्सबुर्गमध्ये त्याचा इतका विसर पडला होता की १८२२ साली कॅथेड्रलजवळ खोदकामात त्याच्या थडग्याची शिळा वर आली, तेव्हा कुठे लोक पुन्हा त्याच्याबद्दल बोलायला लागले. मधली तीनशे वर्षं ही कथा कुणी जपली होती ते सांगा.

पटाशी

हात, हात, हात. त्या हातांनी केलं काय, त्यावर एक ओळ नाही दोघांची.

आम्ही कुडाळकडचे. घरात तीन पिढ्या देव्हारे आणि चौकटी कोरण्याचं काम. रीमेनश्नायडरची बरीचशी कामं लिंडनच्या लाकडात आहेत. मऊ, बारीक पोताचं, कुठल्याही दिशेने पटाशी चालवा, ऐकतं. पण वाळताना दगा देतं. बाहेरचा भाग आतल्यापेक्षा जास्त आवळतो आणि उभा तडा जातो. म्हणून मूर्तीचा गाभा मागून कोरून काढायचा, पाठ पोकळ ठेवायची. त्याच्या मूर्तींचे मागून काढलेले फोटो शोधा, समोरच्या चेहऱ्याइतकंच शिकायला मिळेल.

आणि रोटेनबुर्गची वेदी (१५०१ ते १५०५) त्याने रंगवलीच नाही. लाकडावर पातळ तपकिरी थर, बुबुळं आणि ओठ तेवढे रंगवलेले. बाकी सगळं सावलीने करायचं. मागे खऱ्या काचेच्या खिडक्या ठेवल्यात, त्यामुळे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या त्या खोलीत उजेड दिवसभर फिरतो. मधोमध येशू नाही, पैशाची थैली घेतलेला, त्याला दगा देणारा शिष्य जुदास उभा आहे. त्या काळात एवढं धाडस करणारा कारागीर आणि तुम्ही त्याची हाडं मोजताय.

आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणतं, चकचकीत करा, सोनेरी मारा. दोन दिवस खपून काढलेली नाकाची धार पॉलिशखाली बुजते. मी आता लाकूड उघडं ठेवायला तयार असेल त्याचंच काम घेतो.

देवघर

पटाशीदादा, कौशल्याबद्दल वाद नाही. पण मूर्ती कुणाची? घडवणाऱ्याची की तिच्यापुढे गुडघे टेकणाऱ्याची?

म्युनरश्टाटची वेदी घ्या. १४९२ मध्ये रीमेनश्नायडरने ती अशीच उघड्या लाकडाची करून दिली. गावाला ती अपुरी वाटली. बारा वर्षांनी त्यांनी दुसरा शिल्पकार फाइट श्टॉस याला बोलावून ती रंगवून, सोन्याने मढवून घेतली. त्यांच्या डोळ्यांना देव तसा दिसत होता. पुढे तो रंगही काढून टाकला, वेदीचे तुकडे विखुरले. अंगभर केस असलेली, देवदूतांनी उचललेली संत मारिया माग्दालेना आता म्युनिकच्या संग्रहालयात आहे आणि गावात तिची नक्कल. मी म्युनिकला तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा रडू आलं. जिच्यासाठी दिवे लागायचे ती खुंटीला टांगल्यासारखी उभी. शेजारी माणसं शैलीची चर्चा करत होती.

आपल्याकडेही हेच. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये रासायनिक संवर्धन झालं तेव्हा केवढा वाद झाला. तज्ज्ञ दगड बघतात, भक्त आई बघतात.

पटाशी

ताई, भक्तांच्या नावाखाली किती मूर्ती शेंदराखाली गाडल्या गेल्या ते कोकणातल्या कुठल्याही जुन्या देवळात जाऊन बघा. कवच उतरतं तेव्हा खाली अशी बोटं, असे दागिने निघतात की ज्याने ते कोरलं त्याच्यासाठी जीव तुटतो. त्याला कुणी विचारलं होतं?

देवघर

विचारायचं कशाला? त्याला मोबदला मिळाला होता. रीमेनश्नायडरने व्युर्त्सबुर्गच्या मारीएनकापेले या चर्चसाठी आदम आणि ईव्ह केले, तेव्हा आदमला दाढी हवी की नको हेसुद्धा नगर परिषदेने ठरवलं. बिनदाढीचा करा म्हणाले, त्याने केला. त्याने स्वतः हे मानलं, तुम्हालाच त्याचा त्रास होतोय. आणि शेंदराला गाडणं म्हणू नका. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी बोटाने लावलेला आहे तो.

पटाशी

तो आदम बघितलाय का तुम्ही? बिनदाढीचा कोवळा पोरगा, स्वतःच्या हातून काय झालं ते अजून पुरतं न कळलेला. हा चेहरा परिषदेने सांगितला होता? दाढीचा ठराव करता येतो, चेहऱ्याचा नाही. आणि मोबदल्याचं मला शिकवू नका. मोबदला घेतला म्हणजे कारागिराचा हक्क संपला, हे वाक्य मी गिऱ्हाइकांच्या तोंडून आयुष्यभर ऐकत आलोय.

नदीकाठ

श्टॉसचं नाव निघालंच आहे तर माझ्या मुद्द्यावर येतो. म्युनरश्टाटला येण्याआधी, १५०३ मध्ये, न्युरेनबेर्गात त्याच्या दोन्ही गालांना तापलेल्या लोखंडाने डागलं होतं. हे मात्र नोंदलेलं आहे. त्याचे पैसे बुडाले होते, ते वसूल करायला त्याने खोटा दस्त केला, त्याची ही शिक्षा. म्हणजे त्याच वेदीवर काम केलेल्या दुसऱ्या शिल्पकाराच्या शरीरावर सत्तेने खरोखर खूण केली, त्याचा पुरावाही आहे, आणि त्याच्यावर एकही पोस्ट फिरत नाही. कारण त्याची गोष्ट सोयीची नाही. डागलेल्या गालांनी त्याने पुढे न्युरेनबेर्गच्या लोरेन्झ चर्चमधलं ते लटकतं शिल्प केलं, देवदूत मारियाला येशूच्या जन्माची वार्ता देतो ते, १५१७-१८ मध्ये.

शिवारातून

श्टॉस स्वतःच्या पैशासाठी लढला, रीमेनश्नायडर दुसऱ्यांच्या जिवासाठी. लोक एकाला लक्षात ठेवतात, दुसऱ्याला नाही. यात लोकांचं काय चुकलं? आणि शेंदरावरून भांडणाऱ्यांनी वेगळा धागा काढावा. इथे मेलेल्या शेतकऱ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही. हजारोंनी कापले गेले ते. त्यांच्यातल्या एकाचंही नाव तुम्हा मंडळींना सांगता येणार नाही, पण आदमच्या दाढीची माहिती आहे.

नदीकाठ

हे बोलणं लागलं. पण ते खरं आहे, म्हणून प्रतिवाद करत नाही. हातांबद्दल मात्र तसूभरही मागे हटणार नाही.

शिवारातून

हटू नका. किट्झिंगेनचं मी धरून चालतो, हात शाबूत होते म्हणा. मग एवढंच सांगा: ज्याच्याकडे राजे-बिशपांच्या थडग्यांची कामं होती, ज्याने बामबेर्गला सम्राट हाइनरिश आणि सम्राज्ञी कुनिगुंडेचं थडगं कोरलं, त्याच्या वाट्याला १५२५ नंतर एका मठातली दुरुस्ती का आली? सहा वर्षं जगला तो पुढे. मोठं काम एकही नाही. हात न मोडताही हात तोडता येतात. कामं बंद करायची, झालं.

पटाशी

याला मात्र मी दुजोरा देईन. एका मोठ्या संस्थानच्या विश्वस्तांशी मजुरीवरून भांडण झालं आणि वडिलांना त्यानंतर तालुक्यात कुणी देव्हारा सांगितला नाही. हत्यारं तेल लावून ठेवलेली असायची.

पण ताई, म्युनरश्टाटच्या गावकऱ्यांचं मला अजून पटलेलं नाही.

देवघर

तुम्हाला पटावं म्हणून त्यांनी रंगवली नव्हती. श्टॉसने त्याच वेदीच्या दारांवर चित्रं काढली, चित्रकार म्हणून त्याच्या हातचं तेवढंच काम शिल्लक आहे. गाव अडाणी असतं तर ते झालं असतं का?