हौशी संचाची तालीम नेटकी कशी घ्यावी?

खर्ज:
आम्ही काही हौशी वादक-गायक आठवड्यातून एकदा दोन तासांसाठी जमतो. संचात पेटी, तबला, दोन गिटार, बासरी आणि तीन गायक आहेत. दर वेळी पहिल्या रचनेपासून सुरुवात होते, कोणी अडखळले की सगळे पुन्हा मुखड्यावर येतात आणि शेवटच्या रचनांना हात लागतच नाही. कोणालाही न दुखावता हा वेळ सत्कारणी कसा लावावा?

तिहाई:
जे काम घरी एकट्याने होऊ शकते ते तालमीत करायचे नाही, हे आधी सर्वांकडून मान्य करून घ्यावे. शब्द पाठ करणे, सुरावट बोटांत बसवणे हे घरचे काम. एकत्र बसवायचे ते सांधे, म्हणजे अंतऱ्यावरून मुखड्यावर येणे, लय वाढवणे, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) एकदम थांबणे. कारण संच फसतो तो बहुधा तिथेच. तीनतालातील रचना मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत असेल, तर सांध्याभोवतीच्या दोन आवर्तनांना (तालाच्या 16 मात्रांच्या दोन फेऱ्यांना) अवघे 16 सेकंद लागतात. मध्ये बोलायला वेळ धरूनही पाच मिनिटांत तो सांधा दहा वेळा घोटता येतो, तर पूर्ण रचना वाजवत बसल्यास तेवढ्या वेळात तो जेमतेम एकदा येतो. लय आधी 80 वर उतरवावी आणि हात बसल्यावरच चढवावी. कोणते सांधे घ्यायचे, ते सर्वांना दोन-तीन दिवस आधी कळवावे.

मंद्र:
याच्याशी सहमत आहे, मात्र सूर लावण्यात किती वेळ जातो याचा हिशेब कोणी धरत नाही. पेटीचे सूर बसल्या जागी बदलता येत नसल्यामुळे गिटार आणि तबला तिच्याशीच जुळवावेत. गिटार ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) 440 हर्ट्झ या प्रमाण सुराला धरून अचूक लावली, तरी ती पेटीशी जुळेलच असे नाही. बासरी थंड असताना किंचित उतरलेली असते आणि फुंकीने गरम झाल्यावर चढते, म्हणून बासरीवादकाने थोडे वाजवून मगच सूर तपासावा. शिवाय रंगमंचावर बसल्यासारखे एका रांगेत बसू नये. ध्वनीला दहा मीटर अंतर कापायला सुमारे 29 मिलिसेकंद लागतात, आणि द्रुत लयीत एवढा उशीरही जाणवतो. तबल्याभोवती अर्धवर्तुळात जवळ बसावे.

खर्ज:
हे पटले. परंतु जो घरी सराव करूनच येत नाही, त्याचे काय करावे?

तिहाई:
त्याला चारचौघांत बोलू नये. त्याचा भाग तात्पुरता सोपा करून द्यावा, उदाहरणार्थ गिटारवर फक्त समेचे कॉर्ड. शेवटच्या पंधरा मिनिटांत एक रचना, कोणी चुकले तरी न थांबता, पूर्ण वाजवावी आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून सर्वांना पाठवावी. स्वतःचा भाग ऐकल्यावर बहुतेकांना वेगळे काही सांगावे लागत नाही, आणि पुढच्या वेळी कोणते सांधे घ्यायचे तेही त्यातूनच ठरवता येते.