रुबी: मेथड चालते, पण कुठल्याच यादीत सापडत नाही

कोरीपाटी

रुबी (प्रोग्रामिंग भाषा) 3.2 वरचा जुना कोड हातात आलाय. लिहिणारे आता संपर्कात नाहीत, टिपणंही नाहीत. रिपोर्ट क्लासचं एक ऑब्जेक्ट आहे, त्याला 'आर' म्हणू. (कोड देवनागरीत लिहितोय, रोमन अक्षरं मनात धरून वाचा.) अडचणी दोन.

पहिली. आर.टोटल_वेट म्हटलं की बरोबर आकडा येतो, पण ही मेथड लिहिलीय कुठे? आतापर्यंत पाहिलेलं:

आर.मेथड्स - ऑब्जेक्ट.इन्स्टन्स_मेथड्स → यादीत नाही
आर.मेथड्स.ग्रेप(/टोटल/) → रिकामा अ‍ॅरे
आर.रेस्पॉन्ड_टू?(:टोटल_वेट) → फॉल्स

सगळ्या फायलींत "टोटल_वेट" शोधलं तर फक्त वापरलेल्या जागा मिळतात, डेफ (मेथड लिहिल्याची ओळ) एकही नाही.

दुसरी. अ‍ॅव्हरेज ही मेथड रिपोर्टच्या फाइलमध्ये समोर दिसते. तिच्या शेवटच्या ओळीला 'पी' लावलं तर 41.666666666666664 छापलं जातं, बाहेर हाती मात्र 41.7 येतं. मध्ये कोण गोल करतंय?

आडवळण

रेस्पॉन्ड_टू? फॉल्स म्हणतंय आणि तरीही मेथड चालते, म्हणजे जवळजवळ नक्की मेथड_मिसिंग (हाक मारलेली मेथड सापडली नाही की रुबी हिला बोलावते). प्रायव्हेट मेथड असती तर बाहेरून हाक मारल्यावर नो-मेथड-एरर आला असता, त्यामुळे ती शंका सोडून द्या.

आर.मेथड(:मेथड_मिसिंग).ओनर

हे आधी चालवा. उत्तर बेसिकऑब्जेक्ट (सगळ्या क्लासचं मूळ) आलं तर मेथड_मिसिंग कुणी बदललेली नाही आणि वेगळीकडे शोधावं लागेल. दुसरं कुठलंही नाव आलं तर ओनरच्या जागी सोर्स_लोकेशन लिहा, फाइल आणि ओळ क्रमांक मिळेल. एकापेक्षा जास्त मॉड्यूलांनी ती लिहिलेली असू शकते, म्हणून पुढे .सुपर_मेथड (हिच्यामागे झाकलेली त्याच नावाची मेथड) लावत बेसिकऑब्जेक्टपर्यंत जा.

तुमचा शोध फसला कारण अशा कोडमध्ये पूर्ण नाव कधी लिहिलेलंच नसतं. स्टार्ट_विथ?("टोटल_") किंवा एखादा रेजेक्स असतो आणि उरलेला 'वेट' एखाद्या हॅशची की असते. नुसतं "टोटल_" शोधून पाहा.

तिसराकंस

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत मिळेल:

आर.सिंगलटन_क्लास.अ‍ॅन्सेस्टर्स

बहुतेक जण आर.क्लास.अ‍ॅन्सेस्टर्स पाहतात. ते अपुरं आहे, कारण एखादं मॉड्यूल फक्त याच ऑब्जेक्टला एक्स्टेंड केलं असेल तर ते क्लासच्या यादीत येत नाही. सिंगलटन_क्लासच्या (या एकाच ऑब्जेक्टच्या खास क्लासच्या) यादीत येतं. (इंटिजर आणि सिम्बॉलवर हे चालत नाही, टाइप-एरर येतो.)

रुबी मेथड शोधते ती याच यादीच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. यादीत रिपोर्टच्या *आधी* एखादं मॉड्यूल दिसलं तर ते प्रिपेंड केलेलं (क्लासच्या पुढे जोडलेलं) आहे किंवा या ऑब्जेक्टला एक्स्टेंड केलेलं आहे. इन्क्लूड केलेलं मॉड्यूल क्लासच्या नंतर येतं, ते क्लासची मेथड झाकू शकत नाही. मग:

आर.मेथड(:अ‍ॅव्हरेज).ओनर
आर.मेथड(:अ‍ॅव्हरेज).सोर्स_लोकेशन
आर.मेथड(:अ‍ॅव्हरेज).सुपर_मेथड.सोर्स_लोकेशन

पहिल्या दोन ओळी गोल करणाऱ्याचं नाव-गाव सांगतील, तिसरी तुमच्या फाइलवर आणून सोडेल. सुपर_मेथडचं उत्तर निल आलं तर प्रिपेंड नाही, जुन्या पद्धतीचं अलियस_मेथड असेल: मूळ मेथडला दुसरं नाव देऊन त्याच क्लासमध्ये नवी अ‍ॅव्हरेज लिहिलेली. तेव्हा ओनर रिपोर्टच दाखवतो, सोर्स_लोकेशन मात्र भलतीच फाइल.

कोरीपाटी

दोन्ही सापडलं, आभार! अ‍ॅव्हरेज एका प्रिपेंड केलेल्या मॉड्यूलमध्ये राउंड(1) होत होतं. टोटल_ वाली मेथड_मिसिंग वेगळ्याच मॉड्यूलमध्ये आहे. ती @डेटा नावाच्या हॅशमधून आकडे उचलते आणि की नसेल तर गुपचूप निल देते.

दोन उपप्रश्न. आर.इन्स्टन्स_व्हेरिएबल्स कधी फक्त @डेटा दाखवतं, कधी @डेटा आणि @कॅश, असं का? आणि नेट-एचटीटीपी या लायब्ररीच्या रिक्वेस्ट ऑब्जेक्टवर रिक्वेस्ट.मेथड(:बॉडी) केलं तर आर्ग्युमेंट-एरर येतो: दिलेले 1, अपेक्षित 0. तिथे काय बिघडलं?

आडवळण

गुपचूप निल देणं हा खरा घोळ. टोटल_वेट ऐवजी टोटल_वेइट टाइप झालं तरी प्रोग्राम पुढे जातो आणि चूक तीन फायली पलीकडे फुटते. की नसेल तिथे नुसतं सुपर लिहा, म्हणजे नेहमीचा नो-मेथड-एरर येईल. सोबत रेस्पॉन्ड_टू_मिसिंग?(नेम, इन्क्लूड_प्रायव्हेट = फॉल्स) ही मेथड लिहा आणि आपलं नाव नसेल तर तिच्यातही सुपर. मग रेस्पॉन्ड_टू? खरं बोलेल आणि आर.मेथड(:टोटल_वेट) सुद्धा चालेल. मेथड्सची यादी मात्र तशीच राहील आणि त्या मेथडचं सोर्स_लोकेशन निल येईल. निल म्हणजे मेथड_मिसिंगच असंही नाही, सी मध्ये लिहिलेल्या मेथडही निलच देतात.

पायरीपायरीने

माझ्या मते मेथड_मिसिंग काढूनच टाका. हॅशच्या कीज माहीत असतील तर डिफाइन_मेथडने खऱ्या मेथड तयार करा. यादीत दिसतात आणि सोर्स_लोकेशन ब्लॉकच्या ओळीवर नेतं. स्ट्रिंग देऊन क्लास_इव्हॅल करू नका. फाइल आणि ओळ वेगळी दिली नाही तर 3.2 मध्ये जागा म्हणून नुसतं "इव्हॅल" दिसतं (3.3 पासून कुठून चालवलं तेही दिसतं).

आडवळण

कीज चालू असताना बाहेरच्या डेटातून येत असतील तर डिफाइन_मेथड कुठल्या क्षणी करणार? प्रत्येक ऑब्जेक्टच्या सिंगलटनवर केलं तर दर ऑब्जेक्टला एक वेगळा क्लास. कीज ठरलेल्या असतील तरच पायरीपायरीने यांचं बरोबर.

तिसराकंस

@कॅश बद्दल: रुबीत इन्स्टन्स व्हेरिएबल पहिल्यांदा किंमत दिल्यावरच जन्मतं. @कॅश ||= असं लिहिलेली मेथड एकदा चालली की ते यादीत येतं, त्याआधी नाही. अ‍ॅट्र_अ‍ॅक्सेसर लिहूनही मेथड मिळतात, व्हेरिएबल नाही. वाचायचं असेल तर आर.इन्स्टन्स_व्हेरिएबल_गेट(:@डेटा). 'अ‍ॅट'चं चिन्ह गाळलं तर नेम-एरर.

लोकल व्हेरिएबल्सचं नेमकं उलटं. हव्या त्या ओळीवर बाइंडिंग.आयआरबी (तिथेच रुबीचा कन्सोल उघडतो) लिहून थांबा आणि लोकल_व्हेरिएबल्स पाहा: पुढच्या ओळींवर तयार होणारी नावंही दिसतील, किंमत निल. तिथे निल दिसलं म्हणून कुणी पुसलं असं समजू नका, ती ओळ अजून चाललेली नसते. त्याच ठिकाणी 'एलएस आर' टाइप केलं की मेथड क्लासवार आणि व्हेरिएबल वेगळी अशी मांडून येतात. मेथड्सच्या लांबलचक यादीपेक्षा हे कितीतरी वाचनीय.

रिक्वेस्टचं असं, की त्या क्लासला स्वतःची 'मेथड' नावाची मेथड आहे, गेट की पोस्ट ते सांगणारी. तिने कर्नलची मेथड झाकली. मूळची उचलून बांधा:

कर्नल.इन्स्टन्स_मेथड(:मेथड).बाइंड_कॉल(रिक्वेस्ट, :बॉडी)

बाइंड_कॉल 2.7 पासून आहे, त्याआधी .बाइंड(रिक्वेस्ट).कॉल(:बॉडी). बेसिकऑब्जेक्टपासून बनवलेल्या प्रॉक्सीला (दुसऱ्या ऑब्जेक्टच्या वतीने वावरणाऱ्या ऑब्जेक्टला) तर 'क्लास' सुद्धा विचारता येत नाही. तिथेही :मेथड च्या जागी :क्लास, रिक्वेस्टच्या जागी प्रॉक्सी घालून आणि :बॉडी काढून हीच ओळ चालते, कर्नल हे मॉड्यूल असल्यामुळे त्याच्या मेथड कुठल्याही ऑब्जेक्टला बांधता येतात.