मदत हवी आहे: आईच्या खांद्याला कपिंग करावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही कोथरूडला राहतो, आईचं वय ६४, उजवा खांदा चार महिने झाले आखडलाय, वेणी घालायला हात मागे जात नाही, परवा वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढताना अशी कळ आली की डबा हातातून सुटला आणि ती ओट्याला धरून तशीच उभी राहिली, मला बघवेना. फिजिओ चालू आहे, व्यायाम, शेक सगळं नेमाने करते. आता तिथल्या मॅडम म्हणतात सोबत कपिंग करू, ड्राय वालं, म्हणजे कातडीला चीर न देता नुसते कप लावून कातडी वर ओढून धरायची. ते गोल जांभळे डाग मी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर पाहिले होते. पण तो खेळाडू माणूस, आईची अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ व्हायची गोळी रोज चालू, शुगरही आहे. गोळीचं सांगितलं तर मॅडम "काही होत नाही हो" एवढंच म्हणाल्या, मला नाही पटलं, डाग म्हणजे कातडीखाली साकळलेलं रक्तच ना. हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करणार नाहीच, गुरुवारी अपॉइंटमेंट आहे.

तुमच्या घरी कोणी अशी गोळी चालू असताना कपिंग केलंय का? आराम किती दिवस टिकला? आणि कर्वेनगर, वारजे भागात घरी येणारे, आधी नीट तपासणारे फिजिओ माहीत असतील तर प्लीज सांगा, रिक्षात चढताना आईला दांडा धरता येत नाही.