कंट्रोल रूमला ईएमपीपासून (अणुस्फोटासारख्या घटनेतून येणारा विद्युतचुंबकीय झटका) वाचवायला सर्ज प्रोटेक्टर पुरतो का?

प्रश्न: आमच्याकडचे सर्ज प्रोटेक्टर वीज पडली तरी टिकतात, मग ईएमपीला तेवढं पुरेल ना?

प्रतिसाद १: नाही हो. विजेचा झटका मायक्रोसेकंदांत चढतो, ईएमपीचा पहिला भाग काही नॅनोसेकंदांतच, विजेसाठीचे बरेच प्रोटेक्टर तेवढ्या वेगाने आडवे येत नाहीत. १९६२ ला अमेरिकेच्या स्टारफिश प्राइम या अणुचाचणीचा स्फोट ४०० किमी उंचीवर झाला आणि जवळजवळ १४५० किमी लांब हवाईत रस्त्यावरचे दिवे गेले, यावरून अंदाज घ्या.

प्रतिसाद २: खोलीला धातूचं कवच हवंच, पण खरा घात केबल करते, एक तांब्याची वायर फिल्टरशिवाय आत आली की तीच अँटेना होते आणि सगळा खर्च पाण्यात. डेटासाठी फायबर घ्या, तीही आत धातूची तार नसलेली. दाराच्या फटी पण बघा.

प्रश्नकर्ता: बाप रे, आमच्या तर नेटवर्क केबल थेट भिंतीतून आत येतात, उद्याच मोजतो किती आहेत ते.