रात्री बाराचा डेटा आणि बीएस्सीचे बॅकलॉग

धुऱ्यावरचा: तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करणाऱ्या पोरांचे विषय राहतात, त्यात मोबाइलचा वाटा किती? गेम जास्त घातक की रील्स? मोबाइल काढून घेता येत नाही, नोटिसा आन् नोट्स व्हॉट्सॲपवरच येतात. उन्हाळी परीक्षेआधी काय करता येईल?

वऱ्हाडी मास्तर: भाऊ, एकूण तास मोजून फार काही हाती लागत नाही. ते तास कोणत्या वेळचे, हे पाहा. दीड-दोन जीबीच्या रोजच्या पॅकचा डेटा बहुतेक रात्री बाराला नव्यानं सुरू होतो. साडेअकराला उरलेला 'वाया कायले जाऊ द्याचा' म्हणून संपवतात, बाराला नवा हजर. चौघांची टीमही जेवणं आटोपल्यावरच जमते. बीजीएमआय या गोळीबाराच्या मोबाइल गेममध्ये एरँगल नावाच्या नकाशावरचा डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो, मधून उठलं तर बाकीचे तिघं बोंबलतात. दोन डाव म्हणता म्हणता दीड वाजतो आणि सकाळची एसटी काही थांबत नाही. वाचलेलं पक्कं करायचं काम मेंदू झोपेत करतो. झोपच पाच तासांची, मग संध्याकाळचा अभ्यास टिकणार कसा?

परसातली चिमणी: गेमला निदान शेवट आहे, रील्सला तोही नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्रीतल्या रिॲक्शनची मेकॅनिझम (बाणांनी दाखवलेले टप्पे) अर्ध्यावर सोडून दोन मिनिटं इन्स्टा पाहिलं, की परत पहिल्या बाणापासून सुरुवात. दिवसाचं खरं नुकसान हेच.

आधी अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग, म्हणजे फोनचा वापर दाखवणारी सोय, उघडा. आठ दिवस काहीच बदलू नका, फोन दिवसातून किती वेळा अनलॉक झाला तो आकडा तेवढा लिहा. मग इन्स्टाला ३० मिनिटांचा ॲप टायमर लावा. गोम अशी, की टायमरही मध्यरात्रीच नव्यानं सुरू होतो, म्हणून जागरणाला तो निरुपयोगी. त्यासाठी बेडटाइम मोड, साडेदहा ते सहा. स्क्रीन काळीपांढरी होते, नोटिफिकेशनचे आवाज थांबतात. पीडीएफ आधीच डाउनलोड करा आणि ५० मिनिटं डेटा बंद ठेवून वाचा. कॉलेजचा ग्रुप सोडून बाकी सगळे म्यूट.

नदीकाठ: कधीकधी उलटंही असतं. आधी विषय राहतो, मग तोंड लपवायला गेम. अशा वेळी नुसता फोन हिसकावून भागत नाही. गेम आवरता येत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसूनही थांबवत नाही, आणि हे साधारण १२ महिने चालू असेल, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला विकार मानते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फोन फुकट लागतो. पैसे लावून खेळणं मात्र वेगळं प्रकरण. तसले ऑनलाइन खेळ चालवण्यावर केंद्रानं २०२५ च्या कायद्यानं बंदी घातली. फीचे पैसे कुठं जातात, हे घरच्यांनी विचारावंच.

धुऱ्यावरचा: होस्टेलवर बेडटाइम मोड कोण पाळते? एका बोटानं बंद होते.

परसातली चिमणी: होते ना. म्हणून साडेदहाला रूममेटनं एकमेकाचा फोन आपल्या पेटीत कुलपात ठेवायचा. आणि शे-दोनशेचं गजराचं घड्याळ घ्या, नाहीतर 'अलार्मसाठी उशाशी लागतो' हे ठरलेलंच.