युनकांगच्या मूर्तींच्या अंगावर ही भोकं कसली?

गिलावा_मास्तर:
कामानिमित्त बीजिंगला होतो, एक रविवार मोकळा मिळाला तर दातोंगला जाऊन युनकांग लेणी बघून आलो. २० नंबरचा उघड्यावर बसलेला १३.७ मीटरचा बुद्ध भारीच. पण माझं लक्ष दुसरीकडेच. बऱ्याच मूर्तींच्या अंगावर भोकं आहेत, ओळीत, जवळपास सारख्या अंतरावर. सोबतचा म्हणाला गोळ्यांच्या खुणा. मी वीस वर्षं प्लॅस्टरची कामं करून घेतोय, गोळ्या अशा लायनीत लागत नाहीत.

दुसरं म्हणजे, कोनाड्यांत वरच्या मूर्ती बऱ्या आणि खालच्या वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या. पाऊस तर वरून पडतो ना?

कातळप्रेमी:
मास्तर, उत्तर तुमच्याच धंद्यातलं आहे. भोकं खुंट्यांची. तान्याओ नावाच्या भिक्षूने ४६० च्या सुमारास काम सुरू केलं, दगड वालुकाश्म. पुढच्या शतकांत मूर्ती झिजल्या तेव्हा डागडुजी करणाऱ्यांनी भोकं पाडून लाकडी खुंट्या ठोकल्या, वर माती लिंपली, रंग दिला. माती गळाली, खुंट्या गेल्या, भोकं उरली.

खालच्या रांगेचं म्हणाल तर जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते. पाणी उडून जातं, क्षार दगडातच फुगतात आणि पापुद्रे सुटतात.

गिलावा_मास्तर:
म्हणजे लोणा! जोत्याजवळच्या भिंतीला लागतो तोच. पण मग खुंट्या कशाला, माती धरायला छिन्नीने टाचे मारून दगड खडबडीत करायचा की.

कातळप्रेमी:
अजिंठ्यात तसंच केलंय, भिंती खडबडीत ठेवून त्यावर गिलावा. पण ती सपाट भिंत आणि थर पातळ. इथे झिजलेला गुडघा मातीने पुन्हा घडवायचा. नुसत्या टाच्यांवर तेवढं वजन राहील?

मी_शिल्पा:
५ आणि ६ नंबर पाहिलं का? पुढे १६५१ चा लाकडी मंडप आहे, त्यामुळे सहाव्यातली नक्षी पुष्कळ शाबूत राहिली. बाहेरच्यांना ऊन, पाऊस, थंडी सगळंच, वर दातोंग कोळशाचं गाव. कोळशाचे ट्रक पूर्वी लेण्यांसमोरूनच जायचे, तो रस्ता नंतर लांब नेला.

गिलावा_मास्तर:
सहाव्यात गेलो होतो, गर्दीला कंटाळून पाच मिनिटांत बाहेर पडलो. आता हळहळ वाटतेय. राहिला प्रश्न खुंट्यांचा: वजनाचं पटलं. पण लाकूड ओलीने फुगतं, त्यानेही दगड तडकला असणार. आम्ही दरवाजाच्या चौकटीला असल्या चुका रोज बघतो.