‘सत्तरी उलटली की गुठळी काढू नये, मेंदू सुजतो’ हे विधान चुकीचे आहे

शाहूपुरीकर :
काल आमच्या गटावर असा मजकूर फिरत होता : “पक्षाघात झालेल्या सत्तरीपुढच्या माणसाच्या मेंदूतील गुठळी काढायला जाऊ नका; वयामुळे मेंदू सुजतो, पैसे जातात आणि माणूसही जातो.” त्याखाली अनेकांनी हात जोडलेले पाहिले आणि राहवले नाही. सुजेच्या बाबतीत वयाचा हिशेब नेमका उलटा आहे. कवटी ताणत नाही; तिच्यात मेंदू, रक्त आणि पाणी एवढेच मावते, आणि यांतले एक वाढले की दुसऱ्याला जागा सोडावी लागते. वयाबरोबर मेंदू आक्रसतो, भोवतीची पाण्याची जागा वाढते, म्हणून तेवढीच सूज म्हाताऱ्या मेंदूला बऱ्याचदा सोसवते. तरुण मेंदू कवटीभर असतो. त्याला सुजायला जागाच नसते.

माझ्या वडिलांची, वय ७८, गुठळी जांघेतील धमनीतून नळी नेऊन काढली. शेजारच्या खाटेवर ३९ वर्षांचा ट्रॅक्टरचालक होता; त्याची धमनी प्रयत्न करूनही उघडली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोशी बोलता बोलता जांभया देऊ लागला आणि दुपारपर्यंत हाक मारली तरी डोळे उघडेना. डॉक्टरांनी दोघांच्या सीटीच्या फिल्म मला शेजारी शेजारी दाखवल्या. वडिलांच्या मेंदूच्या घड्यांमधल्या काळ्या रेघा रुंद होत्या; त्याच्या एका बाजूच्या रेघा पुसून गेल्या होत्या आणि मधली रेष दुसरीकडे सरकली होती. ओल्या नारळाचे खोबरे करवंटीला चिकटून असते आणि सुक्या नारळातला गोटा सुटून वाजतो, तसा तो फरक होता.

मंगळवार पेठ :
आपला नारळ वाचला. माझी आई ८१ वर्षांची होती, तिचीही गुठळी निघाली, सूज तिला बाधली नाही, आणि त्यानंतर ती अकरा महिने अंथरुणावर होती. उजवा हात गेला, वाचा गेली, मला ती माझ्या मामाच्या नावाने बोलवायचा प्रयत्न करी. कवटीत जागा असणे म्हणजे बरे होणे नव्हे. सही घेताना ‘जीव वाचेल’ एवढेच सांगितले गेले; वाचलेला जीव कसा असेल, हे त्या दहा मिनिटांत कोणी बोलले नाही. तो मजकूर ज्याने लिहिला, त्याच्या घरीही असेच काही घडले असेल.

अतिदक्षता सिस्टर :
दादा, आपल्या आईबद्दल वाईट वाटते. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. वय वाढले की पेशींची सावरण्याची ताकद कमी होते, न्युमोनिया आणि हृदयविकार आडवे येतात, म्हणून वृद्धांचे निकाल तरुणांपेक्षा वाईटच असतात. तरीही २०१६ साली पाच चाचण्यांमधील १२८७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्यांनाही गुठळी काढल्याचा फायदा दिसला. धमनी वेळेत उघडली तर मरणारा भाग लहान राहतो आणि सूजही कमी येते.

शाहूपुरीकर, आपला गोटाही थोडा जास्तच वाजतो आहे. मोठा भाग मेला तर वृद्धांनाही घातक सूज येते, साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत. तेव्हा कवटीचा तुकडा काढून मेंदूला वाट देतात. साठीच्या आतल्या रुग्णांत, ४८ तासांत ही शस्त्रक्रिया झाली, तर जगण्याचे प्रमाण २९ वरून ७८ टक्क्यांवर गेल्याचे २००७ मध्ये दिसले. साठीपुढच्यांच्या २०१४ मधील चाचणीत सहा महिन्यांतील मृत्यू ७० वरून ३३ टक्क्यांवर आले. मात्र वाचलेल्यांपैकी दैनंदिन व्यवहारात स्वतंत्र असा एकही नव्हता.

मंगळवार पेठ :
शेवटचे वाक्यच मी सांगत होतो.

भुदरगडचा :
वयाचा वाद घालणाऱ्यांनी वेळेचाही विचार करावा. माझा भाऊ ४४ वर्षांचा, उसाच्या फडात तोंड वाकडे होऊन पडला. “वारं गेलंय” म्हणून घरच्यांनी त्याला तेल चोळणाऱ्याकडे नेले आणि सात तास तिथे घालवले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते. कोल्हापुरात पोहोचलो तेव्हा मेंदूचा अर्धा भाग गेला होता, आणि चौथ्या दिवशी सुजेने तो गेला. या तेलवाल्यांवर खटले भरले पाहिजेत आणि त्यांच्याकडे जाणाऱ्यांनाही जाब विचारला पाहिजे.

राधानगरीची सून :
जाब विचारायचा तर सगळ्यांना विचारा. आमच्या सासूबाईंना आम्ही तेलवाल्याकडे नेले नाही. आधी तालुक्याला नेले, तिथे सीटीचे यंत्र बंद होते, पुढच्या ठिकाणी यंत्र होते पण धमनीतून गुठळी काढणारा डॉक्टर नव्हता, आणि प्रत्येक ठिकाणी केसपेपर पहिल्यापासून लिहिला गेला. पाच तास आमचेही गेले. खेड्यातली माणसे अडाणी म्हणून मरतात, हे ऐकून अंगाचा तिळपापड होतो.

भुदरगडचा :
मी कोणाला अडाणी म्हटले नाही. त्या फडात मीही होतो आणि तेलवाल्याकडे जाणारी जीप मीच बोलावली होती.

राधानगरीची सून :
मग माझे शब्द मागे घेते. यंत्राबद्दलचे घेत नाही.

अतिदक्षता सिस्टर :
तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे जड, यांतले एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करावा आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवावी. काही निवडक रुग्णांत, स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग दिसला तर, २४ तासांपर्यंतही गुठळी काढता येते. आणि तरुण रुग्ण तिसऱ्या दिवशी ‘शांत झोपला आहे’ असे वाटले तर सिस्टरला उठवायला सांगा. ती झोप नसण्याची शक्यता असते.

शाहूपुरीकर :
त्या ट्रॅक्टरचालकाची बायको दुपारी हेच म्हणाली होती, “बरं झालं, जरा डोळा लागला.” मीही मान डोलावली होती. मंगळवार पेठकर, वृद्ध बरे होतात असा माझ्या लिहिण्याचा सूर झाला असेल, तर तो चुकला.

मंगळवार पेठ :
तो मजकूर माझ्या धाकट्या भावाने लिहिला होता. सुजेचे कारण त्याने चुकीचे दिले, हे मला मान्य करावे लागते, आणि मी त्याला तो काढायला सांगितले आहे. पण आपणही वरच्या उत्तरात एक ओळ घाला : सहीपूर्वी डॉक्टरांना विचारा, किती भाग आधीच गेला आहे आणि माणूस जगला तर बोलेल का.

शाहूपुरीकर :
घातली आहे.